सोलापुरात बसून उत्तरेकडचा किनारा कसा शिकायचा

मे महिन्यात उजनी धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरलं, की करमाळा तालुक्याच्या बाजूनं पाण्याच्या काठावर जा. सकाळी लवकर जा, अकरानंतर तिथं थांबवत नाही. सोबत बांबूच्या दहा-बारा खुंट्या, हातोडी, वही आणि फुल चार्ज केलेला फोन घ्या. पाणी जिथं संपतं तिथं पहिली खुंटी ठोका. फोनवरचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवा, तारीख घाला. पुढच्या रविवारी परत त्याच जागी जा आणि पाणी मागं सरकून जिथं पोचलं असेल तिथं दुसरी ठोका. असे सहा रविवार.

आर्क्टिकच्या किनाऱ्याचा अभ्यास शिकवते म्हणून ही बाई उजनीवर कशाला पाठवतेय, असं वाटलं असेल. मला बँकेत याच्या उलटा प्रश्न आला होता. शैक्षणिक कर्जाचा अर्ज पुढं ठेवला तेव्हा साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "म्याडम, सोलापूर ते समुद्र किती किलोमीटर ओ?" सरळ रेषेत पावणेतीनशेच्या आसपास. ते हसले, मीही हसले. कर्ज मिळालं. पण उत्तर त्या दिवशी मला नीट देता आलं नाही. आइसलँडच्या वायव्य कोपऱ्यात ईसाफ्योर्दुर नावाच्या गावात किनारपट्टी आणि सागरी व्यवस्थापनाचं मास्टर्स करून परत आल्यावर आता देता येतं, म्हणून हे लिहितेय.

खुंट्यांकडे परत येऊ. मी मोजला त्या तुकड्यात जमिनीचा उतार इतका सपाट आहे की दोनशे मीटर चालाल तेव्हा एक मीटर खाली उतराल. म्हणजे पाण्याची पातळी फक्त १० सेंटिमीटर घटली की काठ २० मीटर मागं जातो. पेपरात "उजनी दोन टक्क्यांनी घटली" एवढीच ओळ येते. काठावर राहणाऱ्याला मात्र दर आठवड्याला मोटारीचा पाइप वाढवावा लागतो, नाहीतर जेसीबी लावून चारी खणावी लागते. पातळी आणि काठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना जोडणारा धागा म्हणजे उतार. हे एकदा पायानं कळलं की किनाऱ्यावरचं कुठलंही पुस्तक वाचायला निम्मा वेळ लागतो.

आता वहीचं दुसरं पान. त्या उघड्या पडलेल्या पट्ट्यात कोण कोण आहे ते लिहा. माझ्या मामाचं जुनं गाव धरणात गेलं. पाणी हटलं की तिथं गाळपेर होते. मामा त्यात कडवळ करतो, शेजारचा कलिंगड लावतो. चिलापी धरणारे होड्या घेऊन येतात. त्यांच्यात बारीक आसाच्या जाळ्यावरून भांडणं ठरलेली. कुणी गाळ उचलायला डंपर आणतो. भिगवणच्या अंगाला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला आलेले पुण्याचे लोक होडीत बसून फोटो काढतात. पाटबंधारेचा माणूस मोटारसायकलवर येऊन जातो. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हा काठ कुणाचा? उत्तर जसं बोलतील तसं लिहा, सुधारू नका. मामाचं उत्तर माझ्या वहीत असं आहे: "पाणी असंल तवा सरकारचा, नसंल तवा माझा. कागद कुणाचा का असंना."

किनारा व्यवस्थापन या विषयाचं पोट हेच आहे. रेषा हलते, आणि हलणाऱ्या रेषेवर हक्क कुणाचा हे ठरवावं लागतं. खारं पाणी नंतर येतं.

उत्तरेकडे गेलं की रेषा का हलते, याची कारणं बदलतात. इथं जरा वेळ घालवा, कारण बहुतेक लोक "बर्फ वितळतो, समुद्र वाढतो" एवढ्यावर थांबतात आणि तिथंच फसतात.

पहिलं, अलास्का, कॅनडा आणि सायबेरियाचा सपाट किनारा. तिथली जमीन म्हणजे माती आणि बर्फ यांचं घट्ट मिश्रण. सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंशाच्या वर न गेलेली जमीन, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. पूर्वी शरद ऋतूतली वादळं यायच्या आत समुद्र गोठायचा आणि गोठलेल्या समुद्रावर लाट उठत नाही. आता बर्फ उशिरा धरतो. वादळ येतं तेव्हा समोर मोकळं पाणी असतं. लाट कड्याच्या पायाला लागते, कोमट पाण्यानं आतला बर्फ वितळतो, पायाशी खोबण पडते आणि वरचा खोलीएवढा तुकडा एका दमात खाली बसतो. आर्क्टिकच्या किनाऱ्याची झीज सरासरीनं वर्षाला अर्धा मीटर धरतात, पण अलास्काच्या काही भागांत ती १५-२० मीटरवर जाते. म्हणजे समुद्र अजिबात वाढला नाही तरी हे होईल. बर्फाचं झाकण गेलं, एवढं पुरतं.

दुसरं कारण ऐकून मी वर्गात हात वर करून "परत सांगा" म्हटलं होतं. आइसलँडच्या आग्नेयेला होप्न नावाचं बंदर आहे. मागं वाट्नायोकुल हा प्रचंड हिमनद. तो पातळ होतोय, त्यामुळं त्याच्या भारानं दबलेली जमीन वर उठतेय, होप्नजवळ वर्षाला एक सेंटिमीटरहून जास्त. तिथल्या लोकांची चिंता आपल्या कोकणाच्या उलटी आहे: बंदरात यायची वाट उथळ होतेय, बोटी टेकतील. गादीवरून माणूस उठला की गादी फुगते तसं. त्यात भर म्हणजे ग्रीनलंडचा बर्फ इतका आहे की तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं आजूबाजूचा समुद्र आपल्याकडे ओढून धरतो. तो बर्फ कमी झाला की ओढ कमी होते, जवळचा समुद्र उतरतो आणि ते पाणी लांबच्या किनाऱ्यांकडे जातं. ग्रीनलंड वितळलं की आइसलँडच्या राजधानीपेक्षा, रेक्याविकपेक्षा, मुंबईला जास्त सोसावं लागणार. "तिकडचं आपल्याला काय?" असं घरी कुणी विचारलं तर हे सांगा. माझ्या वडिलांनी हे ऐकून टीव्ही बंद केला होता, आणि आमच्या घरात बातम्यांच्या वेळी टीव्ही बंद होणं ही लहान गोष्ट नाही.

तिसरं, फ्योर्ड, म्हणजे उंच डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी. ईसाफ्योर्दुर एका वाळूच्या जिभेवर वसलंय, तीन बाजूंना डोंगर, वस्ती तीन हजारांच्या आत. उजनीचा धडा इथं उलटा लागतो: काठ खडा आहे, त्यामुळं पाणी थोडं वरखाली झालं तरी रेषा फारशी हलत नाही. पण त्याच खड्या उतारावरून बर्फ खाली येतो. १६ जानेवारी १९९५ ला शेजारच्या सूदाविकमध्ये हिमकडा कोसळून १४ माणसं गेली, त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला फ्लातेइरीत २०. दोन्ही चिमुकली मासेमारीची गावं, प्रत्येक घरातलं कुणीतरी गेलं म्हणावं इतकी. फ्लातेइरीच्या डोक्यावर मग मातीचे दोन मोठे बांध घातले, वरून बघितलं तर इंग्रजी 'ए' दिसतो, म्हणजे बर्फ दोन बाजूंना वळावा. जानेवारी २०२० मध्ये परत कडे कोसळले. बांधांनी बराचसा बर्फ वळवला, पण बंदरातल्या बोटी गेल्या आणि एका घरातही बर्फ घुसला. तिथल्या मुलीला जिवंत बाहेर काढलं.

सूदाविकचं मात्र वेगळं. गाव उचलून थोड्या अंतरावरच्या सुरक्षित जागी नेलं. जुनी घरं पाडली नाहीत. त्यांत फक्त उन्हाळ्यात राहायचं, हिवाळ्यात बंदी. आम्हाला तिकडं नेलं तेव्हा मी एका जुन्या घराच्या खिडकीतून आत बघितलं. टेबलावर प्लास्टिकची फुलं, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. बाकीचे विद्यार्थी गप्प झाले. मला मात्र मामाची गाळपेर आठवली: जमीन तुमचीच, पण ठराविक महिन्यांपुरती. मी तिथंच वहीत तसं लिहिलं आणि पुढं प्रबंधाचा विषय त्यातूनच निघाला.

गाव हलवण्याचं आणखी एक उदाहरण वाचाच, अलास्कातलं न्यूटॉक. युपिक या तिथल्या मूळनिवासी लोकांचं, साडेतीनशेच्या आसपास वस्तीचं गाव होतं. नदी किनारा खात आली. गावकऱ्यांनी स्वतः पंधराएक किलोमीटरवर मर्टारविक ही जागा निवडली, आणि पहिली कुटुंबं तिकडं राहायला गेली २०१९ मध्ये. निर्णय होऊन प्रत्यक्ष घर मिळेपर्यंत दोन दशकांहून जास्त काळ गेला. धरणग्रस्तांच्या घरात वाढलेल्या पोराला यातला प्रत्येक शब्द ओळखीचा वाटेल: गावठाण, भूखंड, अर्धवट नळयोजना, शाळा कधी सुरू होणार. सोलापूरच्या विद्यार्थ्याकडे हे भांडवल आहे. जर्मनीतून आलेल्या मुलाला ते पुस्तकातून मिळवावं लागतं.

आता कॉम्प्युटर. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या २०१५ पासूनच्या प्रतिमा फुकट मिळतात, एक चौकट १० मीटरची. आधी उजनी करा: मे आणि ऑक्टोबरची प्रतिमा एकावर एक ठेवा, काठाची रेषा काढा, तुमच्या खुंट्यांशी ताडून बघा. खुंटी आणि उपग्रह यांत एक-दोन चौकटींचा फरक आला तर घाबरू नका, ओल्या गाळाला उपग्रह पाणी समजतो. मग तेच न्यूटॉकला करा.

इथं मी दोन चुका केल्या, त्या तुम्ही करू नका. ईसाफ्योर्दुरची डिसेंबरची प्रतिमा काही केल्या मिळेना. दोन दिवस मी वेबसाइटला शिव्या घातल्या, इंटरनेट बदललं, शेजारच्याचा वायफाय मागितला. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं की अहो, तिथं डिसेंबरात ऊनच नाही! गाव उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित खाली, ६६ अंशांवर. सूर्य क्षितिजाला टेकून जातो. साधा कॅमेरा काय टिपणार? त्यासाठी सेंटिनेल-१ आहे, तो रडारवाला. त्याला अंधार आणि ढग दोन्ही चालतात. हाच उपग्रह आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्येही कामाला येतो.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. फ्योर्डची रुंदी मोजून मी अहवालात लिहिली, ती खऱ्या रुंदीच्या जवळपास अडीचपट निघाली. गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायच्या रीतीला प्रक्षेपण म्हणतात; फोनवरचे नेहमीचे नकाशे मर्केटर प्रक्षेपणावर असतात. ते जसजसं उत्तरेला जावं तसतसं ताणतात. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं; खरं तर आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. सोलापुरात, १७-१८ अंशांवर, हा ताण पाच टक्के, म्हणून उजनीत माझ्या लक्षातच आला नव्हता. ६६ अंशांवर मात्र अंतर खऱ्याच्या जवळपास अडीचपट दिसतं. मोजायच्या आधी प्रक्षेपण बदला. यूटीएम या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात, आपल्या जागेचा पट्टा निवडायचा: सोलापूरसाठी ४३ उत्तर, ईसाफ्योर्दुरसाठी २७ उत्तर, न्यूटॉकसाठी ३ उत्तर. हे तीन आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा.

आणखी एक छोटा प्रयोग, पावसाळ्यात घरी बसून करायचा. उजनीच्या काठाची छापील आकृती घ्या आणि दोऱ्यानं तिची लांबी मोजा, एकदा लांब टप्पे घेत, एकदा प्रत्येक वळण पकडत. दोन उत्तरं येतील, दोन्ही खरी. भारताच्या किनाऱ्याची लांबी आपण शाळेत ७,५१६ किलोमीटर पाठ केली. अलीकडे बारकाईनं मोजल्यावर ती ११,०९८ भरली. समुद्र तोच, दोरा बदलला.

शिकायला जायचं कुठं? ईसाफ्योर्दुरचं विद्यापीठ केंद्र २००५ चं आणि माझा अभ्यासक्रम तिथं २००८ पासून चालतो. पदवी आकुरेरी विद्यापीठाची मिळते, शिकवणं इंग्रजीत. वर्गात मासेमारीचा कोटा, सागरी आराखडा, हवामान, कायदा सगळं थोडंथोडं. कोटा नीट समजून घ्या. १९८४ पासून कॉड माशाच्या मासेमारीला हिस्से ठरवून दिले आणि १९९० च्या कायद्यानं हे हिस्से विकता येऊ लागले. मासा वाचला, पण हिस्से विकले गेले तशी लहान गावांतली बंदरं ओस पडली. आपल्या गिरणी बंद पडलेल्या गावात वाढलेल्याला त्या गावांचे फोटो बघून समजावून सांगावं लागत नाही. आता त्याच फ्योर्डांत सामन (सॅल्मन) माशांची पिंजऱ्यातली शेती आलीय, तिच्यावरून दोन तट पडलेत: एकाला रोजगार हवा, दुसऱ्याला नदीतला रानटी सामन वाचवायचाय. कुणाची काय जागा हे ठरवायला २०१८ ला कायदा झाला आणि २०२३ ला वेस्टफ्योर्डचा, म्हणजे आइसलँडच्या त्याच वायव्य भागाचा, सागरी आराखडा मंजूर झाला.

दुसरं ठिकाण स्वालबार हा नॉर्वेचा आर्क्टिकमधला बेटसमूह, तिथलं ७८ अंशांवरचं लाँगयिअरब्येन. तिथलं विद्यापीठ केंद्र १९९३ चं. ते स्वतः पदवी देत नाही, दुसऱ्या विद्यापीठात नाव असलेला विद्यार्थी तिथं सेमिस्टरपुरता जातो. पहिल्या आठवड्यात पुस्तकाऐवजी बंदूक हातात देतात, अस्वलांसाठी. नॉर्वेतल्या सरकारी विद्यापीठांत २०२३ पासून युरोपबाहेरच्यांना फी लागते, तेव्हा जुने ब्लॉग वाचून "फुकट आहे" म्हणत बसू नका.

आणि देशातला रस्ता, जो सगळे विसरतात. गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. स्वालबारमध्येच नी-ओलेसुंडला भारताचं हिमाद्री हे ठाणं २००८ पासून आहे. मोहिमांसाठी हे केंद्र संशोधनाचे प्रस्ताव मागवतं. विद्यार्थ्यानं थेट जायचं नसतं, पण ज्या प्राध्यापकाचा प्रस्ताव आहे त्याच्या हाताखाली पीएचडीला लागता येतं. किनाऱ्याचंच काम हवं असेल तर चेन्नईला दोन केंद्रीय संस्था आहेत. त्याआधी २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, अधिसूचना एकदा तरी अथपासून इतिपर्यंत वाचा. कंटाळवाणी आहे. तरी वाचा.

कागदपत्रांवर फार बोलत नाही. एवढंच की आइसलँडला पोलीस दाखला, पदवी यांच्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, लागतं, त्याला महिना-दीड महिना धरा. मी एका सल्लागाराला पैसे देऊन बसले. त्यानं यादी दिली ती आयर्लंडची. तीन आठवडे गेले. यादी स्वतः, त्या देशाच्या सरकारी पानावरून काढा. फीचे आकडेही तिथूनच, दरवर्षी बदलतात.

बॅगेत शेंगा चटणी जास्त न्या, कडक भाकरी त्याहून जास्त. कडक भाकरी तिकडच्या थंडीत दोन-दोन महिने टिकते, तिथल्या सुकवलेल्या माशासोबत जातेही बरी, हे माझं मत आहे आणि माझ्या आईला ते मान्य नाही. ज्वारीचं पीठ तिथं शोधत फिरू नका.

अंधाराची तयारी मनात करून जा. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य डोंगरामागं जातो तो थेट २५ जानेवारीच्या सुमाराला गावात परत दिसतो. मधले दोन महिने दुपारी चार तास करडा उजेड. आपल्याकडे गड्ड्याची यात्रा भरलेली असते, नंदीध्वज निघालेले असतात, बहीण व्हिडिओ कॉल करून पाळण्याचे दिवे दाखवते, आणि तुमच्या खिडकीत दुपारी दोनला संध्याकाळ. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, रोज बाहेर पडा. सूर्य परत येतो त्या दिवशी घरोघरी पातळ धिरड्यांसारखे पॅनकेक करतात, आत रुबार्बचा मुरंबा आणि साय, वर कॉफी. त्याला सोलारकाफी म्हणतात, सूर्याची कॉफी. पहिल्या वर्षी मी ऊन पडेल त्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. ढग होते. तरी पॅनकेक खाल्ले.

खुंट्यांचं एक राहिलं. बांबूच्याच घ्या, लोखंडी टिकत नाहीत, भंगारात जातात. टोकाला लाल रंग द्या आणि प्रत्येकीवर नंबर घाला, कारण एक-दोन गायब होणार हे धरूनच चला. या उन्हाळ्यात माझ्या चौथ्या खुंटीला कुणीतरी शेळी बांधली होती. शेळीनं ती उपटून पाऊणशे पावलं नेली, आणि त्या रविवारच्या नोंदीत पाणी मागं सरकायच्या ऐवजी चढावर गेलेलं दिसतं.